मेबलच्या दोरीवरची जागा

सोमवारी सकाळी कारखान्याचा पहिला भोंगा झाला. तू उठली नाहीस. डॉक्टर आले आणि गेले. दुपारी आम्ही तुला नर्मदेवर नेलं. संध्याकाळी ब्लॅकआउट होता.

त्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं, अक्का. बाकीचं लिहायला बसतो आणि उठतो. खिडकीला डकवलेला काळा कागद एका कोपऱ्यात सुटलाय, तो दाबून येतो. पाणी पिऊन येतो. मी शिकवतो त्या शाळेच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक उघडतो, तेच पान पुन्हा वाचतो, मिटतो. सुमन म्हणते, "एका जागी बसा ना थोडं. काहून असे फिरून राहिले घरभर?" तिला काय सांगू? बसायची माझी जागा तुझ्या टेबलासमोर आहे, टेबलावर तुझा टाइपरायटर आहे, आणि टाइपरायटरमध्ये कागद आहे.

तो कागद अजून कुणी काढलेला नाही. सुमननं वरून फडकं टाकलं होतं, ते मी काढून ठेवलं. वर मध्यभागी लाल चांदणी आहे. तिच्याखाली एक काळी फुली. मग तीन, मग पाच. प्रत्येक ओळ दोन फुल्यांनी रुंद होत झाड खाली उतरतं आणि अर्ध्यावर, एका ओळीच्या मधेच थांबतं. खालचा घेर नाही, बुंधा नाही. दर वर्षी बुंध्याखाली असायची ती शुभेच्छेची ओळ नाही, आणि शेवटी 'कमल' नाही. चांदणीच्या वर मात्र नाव आहे, मेबल. तू नेहमी नावापासून सुरुवात करायचीस.

नाताळ तोंडावर आलाय. हे कार्ड मेबलकडे जायचं की नाही ते मला ठरवायचंय. घरात तुझं सुतक, वर्षभर सण नाही. आणि मेबलला एकदा तू कार्ड पाठवलं नव्हतंस तेव्हा काय झालं, तेही मला माहीत आहे. म्हणून तुला लिहायला बसलो.

या कार्डांवरून आपलं भांडण किती वर्षं चाललं. मी विश्वकोशात वाचून आलो होतो आणि जेवताना तुला ऐकवलं होतं, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये टपाल स्वस्त झालं, जो तो पत्रं लिहू लागला, आणि पत्र आलं की उत्तर देणं भाग. एका गृहस्थाच्या टेबलावर उत्तरांचा ढीग साचला. त्यानं एका चित्रकाराकडून चित्र काढवून घेतलं, छापून घेतलं, नावापुरती जागा मोकळी ठेवली, आणि सगळ्यांना तेच पाठवलं. नाताळच्या कार्डाची सुरुवात ही अशी. मी म्हणालो, "म्हणजे अक्का, हे आळशाचं पत्र आहे."

तू भात कालवत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आळशी होता तरी कोणाला विसरला तं नाही ना."

नाताळच्या कार्डांवर असतं त्या लाल छातीच्या पाखराचं मात्र तुला आवडलं. तिकडचे पोस्टमन पूर्वी लाल कोट घालायचे, लोक त्यांना गमतीनं त्या पाखराच्या नावानं हाक मारायचे, म्हणून ते पाखरू चोचीत पत्र धरून कार्डावर येऊन बसलं. हे ऐकून तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. कारण विलायतेहून तुझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या बायकोची, मिसेस बेलची कार्डं यायची तेव्हा आपण दोघं त्याला गळ्यावर कुंकू सांडलेली चिमणीच समजत होतो.

पण भांडण सोडलं नाहीस. "पत्रात माणूस सगळं स्वतःचंच सांगत बसतो," तू म्हणायचीस. "मला हे झालं, मला ते झालं. कार्डात काय असते? त्याचं नाव अन् माझं नाव. तू आहेस, मी पण आहे. बस."

"मग साधं पोस्टकार्ड काय वाईट?"

"पोस्टकार्डावर लोक तब्येत लिहितात."

मी हरलो असं मी कधी म्हटलं नाही. तूही कधी जिंकल्यासारखं केलं नाहीस. दर वर्षी दिवाळी झाली की हा विषय निघायचा, फराळाचे डबे धुवायला काढावेत तसा.

आता मी मुद्दाम सुरुवातीपासून आठवतोय. नीट आठवलं तर काय करायचं ते कळेल, असं वाटतं.

इंग्रजांच्या वेळची मोठी लढाई चालू होती. बाबा वारले होते. तू मॅट्रिक होऊन शहरात ओमतीला टायपिंग शिकलीस आणि कारखान्याच्या ऑफिसात लागलीस. शेजारच्या मशीनवर मेबल होती. तिचे वडील रेल्वेत, घर सदरला, छावणीच्या बाजारात. तुम्ही दोघी हिंदीत बोलायचात, मधेमधे तिची इंग्रजी आणि तुझी मराठी. मी तेव्हा शाळेत होतो. लढाईआधीचं सदर तू मला सांगायचीस. थंडी पडू लागली की दुकानांच्या काचांमागे विलायती कार्डं मांडलेली असायची, कडेला सोनेरी वर्ख असलेली. पोस्टात पाटी लागायची, विलायतेच्या टपालाची शेवटची तारीख अमुक. ठेकेदार साहेबांच्या बंगल्यावर डाली घेऊन जायचे. डाली म्हणजे टोपलीभर फळं, सुका मेवा, आणि सगळ्यात वर कार्ड. त्या कार्डावर ठेकेदाराचं नाव साहेबाच्या नावापेक्षा मोठं असायचं, असं तू सांगायचीस.

मग लढाईत बोटी दुसऱ्याच कामाला लागल्या. काचांमागे कार्डं दिसेनात. कागदही मोजून मिळायचा. मेबल रडकुंडीला आली. "बिना कार्ड का कैसा बड़ा दिन, कमल?" तुमच्याजवळ काय होतं? दोन मशीनं, लाल-काळी रिबन, आणि टाइप करताना बिघडलेले कागद, ज्यांची मागची बाजू कोरी होती. जेवणाच्या सुट्टीत ते झाड निघालं. कल्पना मेबलची, असं तू म्हणायचीस. मेबल म्हणते, तुझी. पहिल्या वर्षीचं झाड म्हणजे रोपच होतं, चार-सहा ओळींचं.

तुम्ही टाइप करत असताना बेलसाहेब मागे येऊन उभे राहिले. सरकारी रिबन, सरकारी वेळ. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला, आणि विचारलं, घरी पाठवायला एक मिळेल का? त्यांच्या बायकोला विलायतेत ते कार्ड मिळालं. साहेब पुढे विलायतेला परत गेले, वारलेही. मिसेस बेलचं कार्ड मात्र दर वर्षी येतच राहिलं. तिनं तुला आयुष्यात एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी तू झाडात एक ओळ वाढवलीस. मी विचारलं, कशासाठी? म्हणालीस, "नाही तं त्यांना वाटेल मागच्या वर्षीचंच उरलेलं पाठवलं." तेव्हापासून दर वर्षी एक ओळ. लढाई संपली, साहेब लोक गेले, ऑफिसातल्या दोघी-तिघी टायपिस्ट ऑस्ट्रेलियाला गेल्या, सदरच्या दुकानांत पुन्हा कार्डं आली, आता तर देशी छापाचीही मिळतात. तू विकत घेतलं नाहीस. कारखान्यात जुन्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा तू तुझंच मशीन घरी आणलंस. रांझीच्या या क्वार्टरमध्ये ते आल्यापासून दिवाळीनंतर आपल्या घरात फुल्यांचा आवाज असायचा. चांदणी एकदाच वाजायची, कारण लाल रंगासाठी तू खटका दाबायचीस. त्या खटक्यावरून मला आतल्या खोलीत कळायचं, नवं झाड सुरू झालं.

मधेच उठलो होतो. सुमननं चहा केला होता, तो पुन्हा गार झाला.

लांबची कार्डं तू यंदाही दिवाळी होताच पाठवलीस. बोटीच्या टपालानं, कारण ते परवडतं. कालवा बंद असल्यापासून विलायतेच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातात, हे मीच तुला नकाशात दाखवलं होतं. म्हणजे ती कार्डं आत्ता समुद्रात आहेत. मिसेस बेलचं, ऑस्ट्रेलियातल्यांची. प्रत्येकावर पूर्ण झाड आणि खाली 'कमल'. नाताळच्या आगेमागे ती कुणाच्या तरी दारातून आत पडतील आणि सांगतील, मी आहे. या विचारानं मी तीनदा मिसेस बेलला पत्र लिहायला घेतलं. सुमन म्हणाली, "कार्ड तं पोचू द्या आधी. बातमीला काय घाई आहे?" मी पत्र फाडलं.

राहिलं मेबलचं. ती इथलीच, म्हणून तिचं तू सगळ्यात शेवटी करायचीस आणि स्वतः नेऊन द्यायचीस.

शुक्रवारी लढाई सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी तू मेणबत्ती लावून मशीनवर बसलीस. मी म्हणालो, आज राहू दे. तू म्हणालीस, "काळे कागद लावले ना तू? मग? उजेड बाहेर जात नाही. बस झालं." उजेड नाही गेला. आवाज गेला. थोड्या वेळानं दारावर थाप पडली. आपल्या लाइनीचे वॉर्डन तिवारीजी, डोक्यावर लोखंडी टोपी, हातात निळा कागद गुंडाळलेली बॅटरी.

"बहनजी, ये टक-टक यहीं से आ रही है?"

"हाँ भैया. काहे?"

"पूरी लाइन में हल्ला है. लोग बोल रहे हैं कोई तार भेज रहा है."

"तार नहीं है, झाड़ है."

तिवारीजी आत आले. बॅटरी कागदावर धरली. मी कोपऱ्यात उभा. शेजारी दारूगोळ्याचा कारखाना, वर लढाई, आणि आपल्या घरात नावाखाली एकही शब्द नसलेला कागद.

"एक, तीन, पाँच, सात," तिवारीजी बोटानं मोजायला लागले. "हर लाइन में दो बढ़ रहे हैं. बहनजी, ये तो कोड है."

"कोड है तो तोड़ लो," तू म्हणालीस.

"अक्का," मी म्हणालो.

"तू गप. भैया, वो उधर वाला पूरा है, वो उठाओ. पास से नहीं दिखेगा. दीवार तक जाओ." तू ऑस्ट्रेलियाची कार्डं करताना फुकट गेलेला एक नमुना त्यांच्या हातात दिलास. तिवारीजी एक पाऊल मागे गेले, आणखी एक, त्यांची पाठ भिंतीला लागली. तिथून ते काही वेळ बघत राहिले.

"अरे," ते म्हणाले. "पेड़ है."

"कब से तो बोल रही हूँ."

"अच्छा, आवाज़ थोड़ी कम कर लो."

"भैया, इसमें रेडियो जैसा बटन नहीं होता."

मग तिवारीजींनीच आपल्या घरून घोंगडी आणली, तिची घडी केली आणि मशीन उचलून खाली सारली. जाताना तो नमुना घेऊन गेले, मुलीला दाखवायला. तू दार लावलंस आणि खुर्चीत बसून हसत सुटलीस. घोंगडी अजून मशीनखाली आहे. ते परत मागत नाहीत.

रविवारी संध्याकाळी मेबलचं झाड अर्ध्यावर आलं आणि विमानहल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाला. तू मेणबत्ती विझवलीस. अंधारात मी म्हणालो, "उरलेलं थोडंसंच आहे, सगळं शांत झालं की करून टाक." तू म्हणालीस, "मेबलचं घाईत नाही करायचं. उद्या करते."

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे आलंच पाहिजे. मी तिच्याभोवतीच फिरतोय.

मागच्या, सहा वर्षांपूर्वीच्या लढाईत मेबलचा मुलगा रॉनी गेला. तोच रॉनी, जो लहानपणी तुझ्याबरोबर रांझीला यायचा आणि केकपेक्षा तुझ्या हातचं पिठलं मागायचा. तू सदरला गेलीस, मेबलजवळ दिवसच्या दिवस बसून राहिलीस, तिच्या घरचा स्वयंपाक केलास. मग नाताळ आला. तू मशीनवरचं झाकणसुद्धा काढलं नाहीस. लांबची कार्डं गेली होती, मेबलचं केलं नाहीस. "तिच्या घरी एवढं झालं," तू म्हणालीस, "तिथं कसली झाडं अन् चांदण्या पाठवायच्या?" आपल्याकडे कुणालाही हेच सुचलं असतं. गेलेल्या माणसाच्या घरी वर्षभर सणाचा शब्द काढायचा नाही, हे आपण शिकून येत नाही, ते अंगातच असतं.

नवं वर्ष लागल्यावर आपण दोघं तिच्याकडे गेलो. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती, दर वर्षीसारखी. तिच्यावर चिमट्यांनी लावलेली कार्डं. रॉनीच्या पलटणीतल्या पोरांची, रेल्वेवाल्यांची, चर्चच्या बायांची. मधोमध एक चिमटा नुसताच होता.

मेबलनं तुला बसायला सांगितलं नाही.

"ये तुम्हारी जगह है," ती म्हणाली. "खाली रखी है."

तू समजावू लागलीस. आमच्यात असं असतं, दुःखाच्या घरी आम्ही शुभेच्छा पाठवत नाही, तुला वाईट वाटू नये म्हणून. तुझं हिंदी त्या दिवशी फार तुटक झालं होतं.

"कमल," मेबल म्हणाली, "तुम्हारी माँ गई थी, उस दिवाली को मैं क्या लाई थी?"

मला आठवलं. आई भाद्रपदात गेली होती. त्या दिवाळीत आपल्याकडे कढई चढली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मेबल डबा घेऊन आली होती, घरी केलेली नानकटाई आणि चिवडा. चिवडा तिखटजाळ झाला होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं की गेलेल्याच्या घरी फराळ करत नाहीत, म्हणून शेजारपाजारचे, नातेवाईक आणून देतात.

"मैंने तुम्हारा क़ायदा सीखा," मेबल म्हणाली. "तुमको मेरा नहीं आया. हमारे यहाँ दो साल कार्ड नहीं आया तो नाम काट देते हैं. मैं सोची, इसने पहले साल में ही काट दिया. जिस साल मुझको सबसे ज़्यादा चाहिए था."

परतताना तू बसमध्ये खिडकीबाहेर बघत होतीस. रांझी आली तेव्हा मला म्हणालीस, "आपण दुःखाच्या घरी फराळ पाठवतो ना रे? मग मी झाड काहून नाही पाठवलं?" मी पुस्तकं वाचणारा माणूस. मी खिशातलं तिकीट काढून बघत बसलो.

त्या आठवड्यात तू गेलेल्या वर्षाचं कार्ड केलंस, त्या वर्षाच्या ओळींएवढंच, आणि सदरला जाऊन तिच्या हातात दिलंस. ती काय म्हणाली ते तू सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "आता कधी चुकवणार नाही."

म्हणून मी फिरतोय घरभर, अक्का. तुझ्या शब्दाला धरून बसावं तर हे कार्ड गेलं पाहिजे. पण ते जाऊन सांगणार काय? तूच म्हणायचीस, कार्ड म्हणजे मी आहे. तू नाहीस.

इथवर लिहून काही दिवस ठेवून दिलं होतं, आज पुढे लिहितोय. तेराव्याला काका नागपूरहून आले होते. लढाई नुकतीच थांबली होती, तरी गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, म्हातारा माणूस उभ्यानं आला. सगळं आटोपल्यावर त्यांनी टेबलावरचा कागद पाहिला. "हे काय?" मी सांगितलं. काका म्हणाले, "बाळ, वर्षभर या घरातून कोणाले शुभेच्छा जात नाही. आपली असो का त्यांची. सण तो सण."

मी मान डोलावली. मी नेहमीच मान डोलावतो.

सुमन पानं वाढत होती. ती म्हणाली, "पण काका, हे अक्कांनी रविवारपर्यंत टाइप केलं. रविवारी घरात सुतक कुठं होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे कार्ड सुतकाच्या आधीचं आहे. फक्त पोचवायचं राहिलं. अक्कांनी शनिवारी लोणचं घातलं असतं, तं ते काय आपण फेकून दिलं असतं?"

काकांनी पानावरून मान वर केली. मग म्हणाले, "तुझ्या बापानं तुले वकिलीले घालायला पाहिजे होतं." आणि थोड्या वेळानं, मठ्ठा पिता पिता, "त्यावर शुभेच्छा लिहिली आहे काय?"

"नाही," मी म्हणालो. "तिथवर ती पोचली नव्हती."

"मग नुसतं झाडच आहे ना ते," काका म्हणाले. "दे नेऊन. त्यात काय आहे."

पूर्ण करून न्यायचं ठरवून मी मशीनवर बसलो. बोट फुलीवर ठेवलं. दाबलं नाही. तुझ्या फुल्या हलक्या आहेत, कागदामागे हात फिरवला तर जेमतेम लागतात. माझी पहिलीच फुली कागद भोसकून पलीकडे गेली असती. रोलर फिरवून कागद बाहेर काढला, दोन पुस्तकांमध्ये ठेवला, आणि काल शाळा सुटल्यावर सायकलनं सदरला निघालो. रस्त्यात लोक दिव्यांवरचा काळा रंग खरवडत होते. मिठाईच्या दुकानांसमोर गर्दी होती, लढाई जिंकली म्हणून. मी दोनदा सायकल थांबवली. एकदा तर मागे वळवलीही.

मेबलनं दार उघडलं. त्या सोमवारी ती आपल्या अंगणात उभी होती, तू निघेपर्यंत. त्यानंतर मी तिला पाहिलं नव्हतं. आता वाकलीय. दोरी बांधलेली होती, यंदा कार्डं थोडी, टपालाचा घोळ. मधोमध चिमटा मोकळा होता.

मी कागद दिला. तिनं चष्मा लावला. आधी नाव वाचलं, मग चांदणीवर बोट ठेवलं आणि ओळीओळीनं खाली आणलं. जिथं फुल्या संपतात तिथं बोट थांबलं. मी रविवारच्या भोंग्याचं सांगितलं, मेणबत्तीचं सांगितलं. तिवारीजींच्या कोडाचं सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि मग तिला चष्मा काढावा लागला.

"आप बोलें तो मैं पूरा कर दूँ," मी म्हणालो. "मशीन घर में ही है."

"नहीं. इसमें हाथ मत लगाना." तिनं कागद छातीशी धरला. "तुमको टाइप आता है?"

"एक उँगली से."

"बहुत है. अगले साल का तुम करना. चाँदनी से शुरू करना, नीचे से नहीं बनता. और एक लाइन ज़्यादा."

"इससे एक ज़्यादा?"

"इससे नहीं. जितनी इस साल होनी थी, उससे."

तिनं ते अर्धं झाड मधल्या चिमट्याला लावलं. खाली बुंधा नसल्यामुळे ते हवेत लटकल्यासारखं दिसतं. दार उघडं होतं, वाऱ्यानं झाड हलत होतं. मी चहा न घेताच निघालो, ती "बैठो, बैठो" म्हणत असताना. बाहेर येऊन सायकलला टेकून उभा राहिलो.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. मला तू एकदाही कार्ड दिलं नाहीस. लहानपणी मी मागितलं होतं, तेव्हा म्हणालीस, "तुला काय पाठवायचं रे, तू तं इथंच बसला आहेस माझ्यासमोर." तेव्हा राग आला होता. मग कॉलेजची फी, पुस्तकं, या टेबलावर समोरासमोर बसून गेलेली इतकी वर्षं, आणि तो राग कुठे गेला ते कळलंही नाही. आता पुन्हा ते वाक्य डोक्यात फिरतंय. मी अजून तिथंच बसलोय.

आणि हे एवढं लांब लिहून झाल्यावर वर नजर टाकली, तर तू म्हणायचीस तेच झालंय. मी उठलो, मी बसलो, मला हे वाटलं, मला ते आठवलं. पत्रात माणूस स्वतःचंच सांगत बसतो. त्या भांडणात माझ्या बाजूनं आता बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुझी झाडं सगळी दुसऱ्यांच्या घरी आहेत. काही समुद्रात आहेत, एक तिवारीजींच्या मुलीकडे, एक सदरला मेबलच्या दोरीवर. आपल्या घरी टाइपरायटर आहे आणि त्याच्याखाली घोंगडी आहे.